बायकांनाच डिप्रेशन जास्त काहून? विदर्भातल्या गावांतून वारंवार येणारे प्रश्न

बचत गटाची बैठक असो, आशाताईंचं प्रशिक्षण असो की पेरणीआधीची शेतीशाळा, बोलणं संपलं की आम्ही एक रिकामा डबा फिरवतो. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव घालायचं नाही. त्याच त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा निघायला लागल्या, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांची आहे, ती आम्ही सुधारलेली नाही.

१. टेन्शन अन् डिप्रेशन एकच आहे का?

नाही. सोयाबीनचा भाव पडला, पोरीच्या फीची तारीख जवळ आली, की टेन्शन येणारच. पैशाची सोय झाली की ते उतरतं. मध्येच कोणी विनोद केला तर हसूही येतं. डिप्रेशनमध्ये सोय झाली तरी मन वर येत नाही. दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटणं किंवा आवडीच्या गोष्टीतही जीव न लागणं, यांपैकी एक तरी किमान दोन आठवडे सलग असतं. जोडीला झोप बिघडते, भूक जाते किंवा फार वाढते, अंगातलं बळ गेल्यासारखं होतं, हालचाल मंदावते किंवा जीव सारखा अस्वस्थ राहतो, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. अशा एकूण नऊ लक्षणांपैकी पाच असली आणि त्यामुळे रोजची कामं अडली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. पोळ्याला दरवर्षी बैलांची शिंगं हौसेनं रंगवणारा माणूस यंदा दारात बैल असूनही खाटेवरून उठला नाही, तर घरच्यांनी ते आळस म्हणून सोडून देऊ नये.

२. बायकांमध्ये खरंच जास्त असते, की बायका नुसत्या जास्त बोलतात?

खरंच जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बायकांमधलं प्रमाण पुरुषांच्या साधारण दीडपट आहे. नव्वदहून अधिक देशांतली माहिती एकत्र करून २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निदान झालेल्या डिप्रेशनचं प्रमाण बायकांमध्ये जवळजवळ दुप्पट निघालं. सगळ्यात मोठी तफावत १३ ते १५ या वयात होती, जवळपास तिप्पट.

बायका बोलतात म्हणून आकडा फुगतो, हा संशय अगदीच खोटा नाही. फक्त तो दुसऱ्या बाजूनं लागू पडतो: पुरुष बोलत नाहीत म्हणून त्यांचा आकडा आक्रसतो. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

३. मंग बायकायचं मनच कमजोर असते, असंच ना?

ही चिठ्ठी नेहमी निघते आणि अक्षर बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. उत्तर सोपं आहे. मन जन्मतःच कमजोर असतं तर सहा-सात वर्षांच्या पोरींमध्येही ते दिसलं असतं. त्या वयात मुलगा-मुलगी असा म्हणण्याजोगा फरक नसतो. फरक बाराव्या वर्षाच्या आसपास दिसायला लागतो. त्या वयात शरीर बदलतं हे खरं. त्याच वयात पोरीचं सायकल घेऊन फिरणं बंद होतं, 'आता मोठी झालीस' हे ऐकावं लागतं आणि घरात स्थळांची भाषा सुरू होते, हेही तितकंच खरं.

४. हे हार्मोनमुळं होते का? पाळी, बाळंतपण, पाळी जाणं, यानं मन बिघडते म्हणतात.

काही अंशी. पाळी सुरू होणं, बाळंतपण आणि पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं, या तीन टप्प्यांवर हार्मोनची पातळी झपाट्यानं वर-खाली होते आणि काही बायकांच्या मनावर त्याचा परिणाम होतो. सगळ्यांच्या होत नाही.

बाळंतपणाचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला, त्यात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं प्रमाण सुमारे २२ टक्के आलं. म्हणजे पाचांतल्या एकीपेक्षा थोडं जास्तच. आता गोव्यातला २००२ चा एक अभ्यास घ्या. तिथं प्रमाण २३ टक्के होतं, पण ते सगळ्या बाळंतिणींत सारखं पसरलेलं नव्हतं. घरात गरिबी होती, नवरा मारत होता, मुलगा हवा असताना मुलगी झाली होती, अशा बायकांमध्ये धोका जास्त दिसला. बाळंतिणीच्या शरीरातले हार्मोन मुलगा झाला तरी तसेच उतरतात आणि मुलगी झाली तरी तसेच उतरतात. फरक पडतो तो खोलीबाहेर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यात.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं हे पुष्कळ बाळंतिणींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं तर दाखवा. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, म्हणून सव्वा महिना निभावतो. खरी कसोटी सासरी परतल्यावर लागते, तेव्हा लक्ष ठेवा. बाळंतीण भलतंच बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाला किंवा स्वतःला इजा करायचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सकाळची वाट पाहू नका.

५. हार्मोन थोडंसंच कारण असेल तर बाकीचं कारण कोणतं?

या प्रश्नाला घाईनं उत्तर देता येत नाही.

पऱ्हाटीचं वर्ष डोळ्यासमोर आणा. निंदण बायका करतात, वेचणी बायका करतात, वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पहाटे उठून भाकरी, पाणी, पोरांचा डबा, मग शेत, संध्याकाळी परत चूल. माणूस नुसता कामानं मोडत नाही. ज्या कामाचा पैसा, निर्णय आणि नाव तिघंही दुसऱ्याकडे जातात, ते काम मन पोखरतं. कापूस विकायला बंडी किंवा ट्रॅक्टर घेऊन जातो तो पुरुष, पट्टी होते त्याच्या नावानं, सातबारावर बहुतेक घरांत बाईचं नाव नाही. कर्ज किती आहे हे कित्येकींना सावकार दारात आल्यावर कळतं. तिच्यावर परिणाम सगळा, हातात उपाय एकही नाही. परिस्थिती हाताबाहेर असल्याची ही जाणीव डिप्रेशनच्या जुन्या, पक्क्या कारणांपैकी आहे.

मग मारहाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारांतल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हा सांगितलेल्यांचा आकडा आहे.

तिसरी गोष्ट, बोलायला माणूस. लंडनच्या कॅम्बरवेल भागात कामगार वस्तीतल्या बायकांवर १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आजही शिकवला जातो. संकट आलं की कोणत्या बायका डिप्रेशनमध्ये जातात? मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेरची नोकरी नाही, लहानपणीच आई गेलेली, अशा बायका. कॅम्बरवेल आणि कळंब यांत अंतर पुष्कळ आहे, पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अनोळखी गावात सून म्हणून आलेल्या मुलीला 'जवळचं माणूस' कुठून मिळणार? फोनही सासूसमोरच करायचा असतो. बचत गटाच्या हप्त्याइतकीच त्या तासाभराच्या गप्पांची किंमत आहे असं आम्ही म्हणतो, तेव्हा बँकेचे साहेब हसतात.

आणि एक सवय. पोरींना लहानपणापासून गिळायला शिकवतात. गिळलेलं दुःख मनात घोळत राहतं, तेच ते पुन्हा पुन्हा. असं घोळवणं डिप्रेशन लांबवतं आणि ते बायकांमध्ये जास्त आढळतं, हे अमेरिकेतल्या संशोधनात वारंवार दिसलं आहे.

६. माह्या मायचं डोकं दुखते, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जाते. दोनदा सोनोग्राफी केली, काहीच निघत नाही. हे मनाचं असू शकते का?

असू शकतं. पण आधी शरीर नीट तपासून घ्या, आणि 'नीट' हा शब्द आम्ही जाणून वापरतोय. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि फार थोड्या जणींनी त्यासाठी कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं होतं. बाईची तक्रार 'मनाची' म्हणून झटकण्याआधी हा आकडा आठवावा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. राज्यात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आहे. थकवा, उत्साह नसणं, चिडचिड हे रक्त कमी असल्यानंही होतं.

सगळं तपासून काही सापडलं नाही, किंवा सापडलेलं बरं होऊनही त्रास राहिला, तर मनाकडे वळा. आपल्याकडे 'मला उदास वाटतं' असं म्हणत कोणी दवाखान्यात जात नाही. जीव घाबरा होतो, अंगात आग होते, मुंग्या येतात, डोकं भणभणतं, असं सांगतात. हे नाटक नसतं, दुखणं खरंच दुखतं. पांढरं जाण्याची तक्रार आणि मनावरचा ताण यांचा संबंध गोव्यातल्या दुसऱ्या एका अभ्यासातही दिसला आहे. मायले विचारा: झोप लागते का, काही गोड लागते का, कोणाशी बोलावंसं वाटते का. सलाइन लावून दोन दिवस बरं वाटतं, पण त्यानं डिप्रेशन जात नाही.

७. आत्महत्या तर माणसंच जास्त करतात. मग डिप्रेशन त्यांच्यात कमी कसं?

विदर्भात हा प्रश्न पडणारच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. दहांतले सात.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. आत्महत्या आणि डिप्रेशन एकमेकांना चिकटलेले आहेत, पण एकच नाहीत. कर्ज, दारू, अपमान, क्षणाचा संताप यांतूनही जीव जातो. प्रयत्न बायका जास्त करतात, मृत्यू पुरुषांचे जास्त होतात, असं जगात बहुतेक ठिकाणी दिसतं. पुरुष मदत मागत नाहीत, दारूच्या अमलाखाली निर्णय घेतात, आणि फवारणीचं औषध त्यांच्या हाताशी असतं. म्हणून ते औषध घराबाहेर, कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. आत्महत्येची तीव्र इच्छा पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ औषध हाती लागलं नाही तर जीव वाचतो.

भारतातल्या बायकांचं चित्रही बरं नाही. २०१६ मध्ये जगभरात झालेल्या बायकांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतातल्या होत्या. आणि शेतकऱ्याच्या मृत्यूची नोंद शेतकरी म्हणून व्हायला कागद लागतो. शेतात राबणारी बाई गेली तर ती बहुधा 'गृहिणी' म्हणून लिहिली जाते.

८. माणसात डिप्रेशन दिसते तरी कसं? आमच्या घरचे तर कधीच रडले नाहीत.

रडणार नाहीत. स्वीडनमध्ये गोटलंड नावाचं बेट आहे. १९८० नंतरच्या काळात तिथल्या डॉक्टरांना डिप्रेशन ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं. बायकांच्या आत्महत्या घटल्या, पुरुषांच्या मात्र जवळपास तशाच राहिल्या. विचार केल्यावर ध्यानात आलं की शिकवलेली लक्षणं रडण्याची, खचल्याची होती, आणि पुरुष दवाखान्यात येत नव्हते. ते दारूच्या गुत्त्यावर आणि पोलिसांच्या वहीत सापडत होते. त्यातून पुरुषांसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात राग, नशा, जिवावरचे धोके घेणं ही लक्षणं नेहमीच्या लक्षणांत मिसळून मोजणी केली, तर पुरुष ३०.६ टक्के आणि बायका ३३.३ टक्के निघाल्या. फरक जवळजवळ पुसला गेला.

आता गावात पाहा. पारावर बसणारा माणूस पाराकडे फिरकेनासा होतो. वसुलीचे फोन येतात म्हणून फोन बंद. जागलीचं निमित्त करून रोज शेतातच झोपतो. पोराच्या एका शब्दावर ताट भिरकावतो. गाडी अशी चालवतो की मागे बसणाऱ्याचा जीव खालीवर होतो. दारू आधी आठवड्याच्या बाजाराला होती, आता रोजची. 'त्याले घमेंड आली' असं गाव म्हणतं.

पण उलटा अर्थही काढू नका. प्रत्येक पिणारा, मारणारा नवरा डिप्रेशनचा रोगी नसतो, आणि असला तरी बाईनं मार खात राहावं असं त्यातून निघत नाही. उपचार त्याचा, सुरक्षा तिची, दोन्ही वेगळे विषय आहेत.

९. वर्ध्यात, गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथं तरी बायकांचं डिप्रेशन कमी असायला पाहिजे ना?

वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. कागदावर बंदी आणि गावात बंदी यांतलं अंतर तिथल्या बायकांइतकं कोणाला माहीत नसेल. घरात येणारी दारू खरोखर थांबली तर मार आणि पैशाची उधळपट्टी थांबते, हे प्रश्न ५ मधल्या कारणांशी जुळतं. नुसत्या जिल्ह्याच्या नावावरून मात्र काही ठरत नाही.

१०. असा एखादा समाज आहे का, जिथं बाई-माणूस फरकच नाही?

एका शाळामास्तरांनी विचारलेला प्रश्न. आहे. अमेरिकेतल्या आमिश या साध्या, शेतीवर जगणाऱ्या ख्रिस्ती पंथात १९८३ च्या अभ्यासात पुरुष आणि बायकांत डिप्रेशन जवळपास सारखं निघालं. लंडनमधल्या सनातनी ज्यू लोकांतही पुढे तसंच दिसलं. दोन्हीकडे पुरुष फारशी दारू पीत नाहीत. एक तर्क असा, की दारूत बुडवायची सोय नसली की पुरुषांचं दुःखही डिप्रेशन म्हणूनच वर येतं. म्हणजे तिथं बायका जास्त सुखी होत्या असं नाही, पुरुषांचं झाकलेलं उघडं पडलं असावं. आम्हाला हा तर्क पटतो, पण दोन छोट्या समाजांवरून फार मोठी इमारत बांधू नये.

दुसरा अपवाद आजाराचा. कधी अतिउत्साह तर कधी टोकाची उदासी, असा जो बायपोलर आजार आहे, तो दोघांत साधारण सारखाच आढळतो.

११. घरधनी गेल्याले आठ महिने झाले. रडू थांबत नाही. हे डिप्रेशन आहे का?

ताई, आठ महिन्यांनी रडू येणं हा आजार नाही. दुःख लाटेसारखं येतं, मध्ये ओसरतं, पोराच्या एखाद्या गोष्टीवर हसूही येतं, आणि स्वतःबद्दल तिरस्कार वाटत नाही. दिवसच्या दिवस लाट ओसरतच नसेल, 'माझ्यामुळेच गेले' हे डोक्यातून जात नसेल, जेवण सुटलं असेल, आपणही जावं असं वाटत असेल, तर मात्र उशीर करू नका. प्रश्न १४ मधला नंबर आजच लावा.

ज्या घरात आत्महत्या झाली त्या बाईवर दुःखाखेरीज आणखी बरंच येऊन पडतं. एक लाखाची सरकारी मदत मिळायची तर प्रकरण समितीपुढे 'पात्र' ठरावं लागतं. त्यासाठी सातबारा, कर्जाचे कागद, तलाठ्याकडे खेपा. सासरचे जमिनीबद्दल बोलायला लागतात. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं. शेजारणींनो, ही शेवटची गोष्ट तर तुमच्याच हातात आहे.

१२. आशाताई नऊ प्रश्न विचारून गेल्या. आता वेड्यात नाव लागेल का?

नाही. ते नऊ प्रश्न प्रश्न १ मधल्या लक्षणांवरचेच असतात. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्यानं २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात ही विचारपूस आहे. खरी उत्तरं द्या.

एक गोची आहे. आशाताई घरी येतात तेव्हा माणसं शेतात किंवा चौकात असतात, त्यामुळे नऊ प्रश्न बहुधा बाईलाच विचारले जातात. मग यादीत बायकाच जास्त दिसतात. जमलं तर आशाताईंना संध्याकाळी बोलवा.

गावपातळीवरच्या अशा कामाचा उपयोग होतो हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत दिसलं आहे. 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमाआधी डिप्रेशन असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत होते. नंतर ते २७.२ टक्के झाले.

१३. गोळ्यायची सवय लागते म्हंतात. अन् सासू म्हंते बाहेरचं आहे, आधी देवाकडं चाल.

डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. सवयीची भीती काही झोपेच्या गोळ्यांची असते, त्या डॉक्टरनं सांगितल्याशिवाय वाढवू नका. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरला विचारूनच हळूहळू कमी करायच्या.

देवाला जायला आमची ना नाही. सासूबाईंशी भांडत बसू नका, नारळ फोडा आणि तिथूनच दवाखान्याची गाडी पकडा. पण भूत उतरवायचं म्हणून कोणी मारहाण करत असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

१४. दाखवायचं कुठं?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथल्या रुग्णालयांत, यवतमाळच्या आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, आणि तिथं बाह्यरुग्ण म्हणून दाखवून त्याच दिवशी घरी परतता येतं.

जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर लावा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. राज्याचा आरोग्य सल्ला नंबर १०४ आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस केसच्या भीतीनं घरात लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही.

१५. नवरा दवाखान्याचं नावच काढू देत नाही. काय करू?

'तुमचं डोकं बिघडलं, दाखवून या' असं म्हणाल तर तो चप्पल घालून निघून जाईल. मनाचं नाव न काढता झोपेचं काढा. 'चार रात्री झाल्या, तुम्ही झोपले नाही. बीपी तपासून येऊ.' बीपी तपासायला पुरुष जातात. डॉक्टरला आधी कोणामार्फत सांगून ठेवा, म्हणजे तेच विषय काढतील. तुमच्याऐवजी त्याच्या जिवाभावाच्या मित्रानं किंवा मोठ्या भावानं बोललेलं जास्त लागू पडतं, आणि समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा कामात असताना, बांधावर, फवाऱ्याचा पंप दुरुस्त करता करता. 'मरणाचे विचार येतात का' हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एका गावात असंच विचारलं, तर माणूस बराच वेळ पाना फिरवत राहिला आणि मग म्हणाला, 'येतात. पण तुले कोणं सांगितलं?'